विंडोज दुरुस्त झाली, ब्राउझर बिघडला: काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० चा लॅपटॉप व्हायरसमुळे दुकानात दिला होता. दुकानदाराने फॉरमॅट न मारता विंडोज दुरुस्त करून दिली आणि फायली जागेवर आहेत. पण तेव्हापासून क्रोममध्ये अधूनमधून प्रॉक्सी सर्व्हरची तक्रार येते, बँकेची साइट ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ म्हणते, बुकमार्क आणि पासवर्ड गायब आहेत, यूट्यूब अडखळतं आणि मराठी साइटवरची अक्षरं बदललेली दिसतात. क्रोम काढून पुन्हा टाकूनही फरक पडला नाही. आता दुकानदार म्हणतो की फॉरमॅटच मारावा लागेल. मारावा का?

इतक्यात नको. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेकींचा क्रोमशी संबंध नाही, म्हणून क्रोम पुन्हा टाकून काही झालं नाही. ब्राउझर स्वतःच्या बळावर फार थोडं करतो. वेळ तो विंडोजच्या घड्याळाकडून घेतो, प्रॉक्सी (सगळी वाहतूक ज्याच्यातून जाते तो मधला सर्व्हर) विंडोजच्या सेटिंगमधून उचलतो, साइटचा पत्ता डीएनएसला (नावावरून साइटचा आकड्यांतला पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारतो, चित्र ग्राफिक्स ड्रायव्हरकडून काढून घेतो आणि पासवर्डचं कुलूप विंडोजच्या यूझर खात्याला बांधतो. दुरुस्तीत यातलं काही हललं की त्रास ब्राउझरमध्ये दिसतो, पण मूळ खाली असतं. त्यामुळे तपासणी खालून वर करायची. ‘रीसेट सेटिंग्ज’, ‘क्लिअर डेटा’, अनइन्स्टॉल ही बटणं शेवटी, कारण जे परत मिळवायचं आहे तेच त्यांनी पुसलं जाऊ शकतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे जुना डेटा शोधून त्याची कॉपी काढणं. हे आजच करा, कारण याला मुदत आहे.

सी ड्राइव्ह उघडा आणि ‘यूझर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जा. तिथे तुमच्या नावाची दोन फोल्डरं दिसतात का, किंवा एक तुमचं आणि एक ‘अ‍ॅडमिन’, ‘पीसी’, ‘यूझर’ अशा नावाचं दिसतं का, ते बघा. तसं असेल तर दुकानात नवीन खातं काढलं गेलं आणि तुम्ही त्यात बसला आहात. बुकमार्क कुठेही गेलेले नाहीत, ते जुन्या खात्यात आहेत. दुसरी शक्यता म्हणजे सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर असेल. दुरुस्तीच्या वेळी आधीची विंडोज त्यात सरकवली जाते आणि साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून पुसते. डिस्क क्लीनअप चालवलं तर त्याहीआधी जातं. जागा कमी पडते म्हणून हे फोल्डर सगळ्यात आधी उडवणारे लोक मी खूप पाहिले आहेत. कॉपी निघेपर्यंत त्याला हात लावू नका. तिसरी शक्यता म्हणजे लॉगिन करताना ‘तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन केलं आहे’ असा संदेश येत असेल. तसं असेल तर त्या सत्रात केलेलं काहीही टिकणार नाही. आधी तो खात्याचा बिघाड दुरुस्त करून घ्या, मग पुढचं.

आता नेमकं काय उचलायचं ते सांगतो. यूझर्समधल्या तुमच्या जुन्या फोल्डरात ‘अ‍ॅपडेटा’ नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण केली की ते दिसतं. क्रोमसाठी त्यात लोकल, गूगल, क्रोम, यूझर डेटा या क्रमाने जायचं. ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर घ्या. त्यातल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘बुकमार्क्स’ नावाची, शेवटी कुठलंही एक्स्टेन्शन नसलेली एक फाइल आहे. क्रोम पूर्ण बंद करून तेवढी एक फाइल नव्या ‘डिफॉल्ट’मध्ये टाकली की बुकमार्क परत येतात. तिच्याच शेजारी ‘बॅक’ शेपटीची तिची आधीची प्रतही बहुधा असते.

पासवर्डचं मात्र तसं नाही, आणि इथे खोटी आशा लावण्यात अर्थ नाही. क्रोम आणि एज पासवर्ड ज्या किल्लीने बंद करतात, ती किल्ली विंडोज तुमच्या यूझर खात्याशी जखडून ठेवते. फाइल कॉपी होते, पण दुसऱ्या खात्यात किंवा नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती उघडत नाही. दुकानदाराने तुमचा विंडोजचा पासवर्ड बाहेरून उडवला असेल तर त्याच खात्यातसुद्धा जुने पासवर्ड वाचता येत नाहीत. क्रोममध्ये गूगल खात्याने सिंक चालू असेल, तर त्याच खात्याने साइन इन करा आणि पासवर्ड तिथून येतील. सिंक नसेल पण जुनं खातं अजून उघडत असेल, तर त्यात शिरून पासवर्ड एक्सपोर्ट करून घ्या. दोन्ही नसेल तर ‘पासवर्ड विसरलो’ हाच मार्ग. पैसे घेऊन पासवर्ड परत मिळवून देणारी सॉफ्टवेअरं यापलीकडे काही करत नाहीत, आणि नुकत्याच व्हायरस काढलेल्या मशीनवर ती टाकणं धोक्याचं आहे.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांचं नशीब जरा बरं असतं. त्याचे पासवर्ड प्रोफाइल फोल्डरातल्याच ‘लॉगिन्स’ आणि ‘की-फोर’ या दोन फायलींत असतात आणि ती जोडी बरोबर नेली तर दुसऱ्या मशीनवरही उघडते. शिवाय २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल देतो. आधी ३२ बिटचा होता आणि दुकानदाराने ६४ बिटचा टाकला, की तो कोरा उघडतो आणि माणूस घाबरतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट कोलन प्रोफाइल्स’ टाइप करा. जुनं प्रोफाइल यादीत असतं, त्याच्याखालचं ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल’ दाबा आणि फायरफॉक्स पुन्हा सुरू करा. पेनड्राइव्हवरची जुनी आवृत्ती टाकली असेल तर नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल उघडायला ती नकार देते. तेव्हा नवं प्रोफाइल बनवायच्या बटणाच्या मागे न लागता फायरफॉक्स अपडेट करा.

सगळ्या साइटवरून लॉगआउट झालात हे मात्र बिघाड म्हणून मोजू नका. क्रोम आणि एजच्या कुकीज (साइटला तुमचं लॉगिन लक्षात राहावं म्हणून ठेवलेल्या नोंदी) कुलूपबंद असतात, त्या नव्या खात्यात चालत नाहीत. एकदा पुन्हा लॉगिन केलं की झालं.

कॉपी झाली की निदानाला लागा. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यावर जोडा आणि तीच बँकेची साइट उघडा. हॉटस्पॉटवर चालली आणि घरच्या वायफायवर नाही, तर दोष राउटरमध्ये. दोन्हीकडे नाही, तर लॅपटॉपमध्ये. मग तीच साइट एजमध्ये आणि फायरफॉक्समध्ये उघडून बघा. तिन्ही ब्राउझर एकाच जागी अडले, तर ब्राउझरला विसरा. फक्त क्रोम अडला, तर गुप्त (इन्कॉग्निटो) विंडोमध्ये उघडा. तिथे एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सहसा बंद असतात, त्यामुळे तिथे चाललं तर संशय एक्स्टेन्शनवर. एवढ्या चाचणीने पुढचं निम्मं काम वाचतं, आणि तरी ती कोणी करत नाही. प्रत्येकाला आधी काहीतरी ‘क्लीन’ करायचं असतं.

आता बँकेच्या साइटची तक्रार. ‘कनेक्शन खासगी नाही’ या पानावर खाली बारीक अक्षरांत एक इंग्रजी कोड असतो. लोक वरचं लाल त्रिकोणाचं चित्र बघतात आणि कोड वाचत नाहीत, पण उत्तर त्या कोडमध्येच असतं. त्यात ‘डेट इनव्हॅलिड’ असे शब्द असतील तर घड्याळ बघा. ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र कोणी दिलंय ते बघा.

घड्याळाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुरुस्तीनंतरच्या तक्रारींत ते फार मोठा भाग व्यापतं आणि वरवर बघून कळत नाही. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था बराच काळ ९० दिवसांची प्रमाणपत्रं देत आली आहे, म्हणजे जगभरात रोज असंख्य साइटींची प्रमाणपत्रं ताजी बदललेली असतात. तुमच्या कॉम्प्युटरची तारीख मागे असेल तर त्याच्या लेखी ती अजून सुरूच झालेली नाहीत. म्हणून काही साइट चालतात, काही नाही, आणि दोष साइटचा वाटतो.

तारीख दोन प्रकारे बिघडते. एक, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा असतो आणि कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. रात्री मुख्य बटण बंद केलं किंवा लाइट गेली की सकाळी कॉम्प्युटर काही वर्षं मागे गेलेला असतो. दुसरा प्रकार फसवा आहे. विंडोज नव्याने बसली की टाइम झोन पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहतो. कोपऱ्यातलं घड्याळ चुकीचं दिसतं, म्हणून कोणीतरी हाताने काटे पुढे करतं. आता घड्याळ दिसायला बरोबर दिसतं, पण झोन तोच राहिल्यामुळे कॉम्प्युटरच्या हिशेबात जगाची वेळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास सरकलेली असते, तिकडे उन्हाळी वेळ सुरू असेल तर साडेबारा. मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं तर चूक सापडत नाही. त्यामुळे सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा, झोनच्या यादीत ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ ही ओळ, म्हणजे अधिक ५:३०, निवडलेली आहे का ते वाचा, वेळ आपोआप लावण्याचं बटण चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. तारीख वर्षानुवर्षं मागे असेल तर आधी हाताने जवळपास आणा, मग सिंक करा. फार मोठा फरक विंडोज आपणहून भरून काढेलच असं नाही.

घड्याळ बरोबर असूनही इशारा आला, तर अ‍ॅड्रेस बारच्या डावीकडच्या ‘नॉट सिक्युअर’वर क्लिक करून प्रमाणपत्र उघडा आणि ‘इश्यूड बाय’ची ओळ वाचा. तिथे एखाद्या नावाजलेल्या प्रमाणपत्र संस्थेचं नाव हवं. तुमच्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर तो सुरक्षित साइटची वाहतूक मधेच उघडून तपासतो आहे आणि दुरुस्तीत त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र विंडोजच्या यादीतून उडालं आहे. अँटिव्हायरस पूर्ण काढून, मशीन रीस्टार्ट करून पुन्हा टाकला की प्रमाणपत्र परत बसतं. किंवा त्याच्या सेटिंगमधलं सुरक्षित वाहतूक तपासण्याचं बटण बंद करा. मी स्वतः ते बंदच ठेवायला सांगतो.

पण तिथे कधीही न ऐकलेलं नाव असेल तर प्रकरण गंभीर आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून घातलेलं सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. त्याने विंडोजच्या विश्वासू यादीत स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या जोरावर साइटींची प्रमाणपत्रं खरी मानली जातात ते) घुसवलं होतं, म्हणजे बँकेची साइटसुद्धा मधल्यामध्ये वाचता येत होती. ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी प्रमाणपत्र यादीत तसंच राहत होतं. तुमच्या बाबतीतही हीच शक्यता ध्यानात ठेवा: व्हायरस गेला म्हणजे त्याने बदललेल्या सेटिंग गेल्या असं होत नाही. स्टार्टमध्ये ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ टाइप केलं की यादी उघडते, तिथे ‘ट्रस्टेड रूट’मध्ये ते नाव शोधा. मात्र ओळखीचं वाटत नाही म्हणून दिसेल ते पुसू नका. त्या यादीत कितीतरी देशांच्या खऱ्या संस्था असतात आणि त्यांची नावं आपल्याला अनोळखीच असतात. ब्राउझरने दाखवलेलं नेमकं नावच शोधायचं. आणि इशाऱ्याच्या पानावरचं ‘तरीही पुढे जा’ बँकेच्या साइटवर कधीही दाबू नका, कोणी ‘चालतं हो’ म्हटलं तरी.

फायरफॉक्सची प्रमाणपत्रांची यादी स्वतःची असते. तेव्हा फायरफॉक्स चालतो आणि क्रोम, एज अडतात, असं झालं तर विंडोजच्या यादीवर किंवा अँटिव्हायरसवर संशय घ्यायला जागा आहे.

प्रॉक्सीची तुमची तक्रार तर जवळजवळ नक्कीच व्हायरसची मागे राहिलेली खूण आहे. अशा व्हायरसांची पद्धत ठरलेली. तुमच्याच मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा आणि विंडोजला सांगायचं की सगळी वाहतूक त्याच्यातून ने. दुकानदाराने प्रोग्रॅम काढला, पण सूचना तशीच राहिली. आता ब्राउझर रिकाम्या घराचं दार ठोठावत बसतो. सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘प्रॉक्सी’ इथे जा. खाली ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू असेल आणि पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ व शेजारी पोर्टचा एखादा आकडा असेल, तर ते बंद करा. १२७.०.०.१ म्हणजे ‘हाच कॉम्प्युटर’. वर ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ही बघा, तिथे एखादा पत्ता भरलेला असेल तर तोही बंद. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट’ चालू राहिलं तरी घरी चालतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मात्र बदलण्याआधी आयटीवाल्यांना विचारा, तिथे प्रॉक्सी मुद्दाम लावलेला असू शकतो. खात्री करायची असेल तर फायरफॉक्सच्या स्वतःच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘नो प्रॉक्सी’ निवडा. त्यावर सगळं धावायला लागलं तर निदान पक्कं.

‘अधूनमधून येते’ असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून विशेष सांगतो. प्रॉक्सी बंद करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि तेच पान पुन्हा उघडा. बटण आपणहून परत चालू झालेलं दिसलं, तर ते चालू करणारं काहीतरी अजून मशीनमध्ये जिवंत आहे. टास्क मॅनेजरचं ‘स्टार्टअप’ आणि टास्क शेड्युलर बघा, आणि विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा, ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं. डिफेंडरच्या ‘एक्स्क्लूजन्स’मध्ये एखादं फोल्डर आधीच घातलेलं असेल तर ते काढून मग स्कॅन करा. फुकट अ‍ॅक्टिव्हेटर वापरून विंडोज चालू केली असेल तर तिथे हमखास काहीतरी सापडतं, कारण तो अ‍ॅक्टिव्हेटर डिफेंडरने पकडू नये म्हणून वगळलेला असतो. त्याच वगळलेल्या फोल्डरात व्हायरसही निवांत राहतो.

डीएनएसचं थोडक्यात. नेटवर्क कार्डाच्या आयपीव्ही-फोरच्या सेटिंगमध्ये डीएनएस ‘आपोआप’ असावा. तिथे तुम्ही न घातलेले आकडे असतील तर काढा. २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफबीआयने डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसवाल्यांना पकडलं तेव्हा जगभरात ४० लाखांवर कॉम्प्युटर त्यांच्या सर्व्हरला पत्ते विचारत होते. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या लोकांचं इंटरनेटच गेलं असतं, म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. हॉटस्पॉटवर सगळं नीट आणि वायफायवर चुकीची पानं, असं असेल तर राउटरमध्येही हाच आकडा बदललेला असू शकतो. राउटर फॅक्टरी रीसेट करून त्याचा मूळ पासवर्ड बदला. त्याआधी इंटरनेटवाल्याकडून कनेक्शनचं यूझरनेम-पासवर्ड घेऊन ठेवा, नाहीतर रात्रभर नेट बंद.

होस्ट्स फाइलही एकदा बघा. डीएनएसला विचारण्याआधी विंडोज साइटचा पत्ता हिच्यात शोधते. विंडोज, सिस्टम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने गेलं की ती सापडते आणि नोटपॅडमध्ये उघडते. मूळ फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण असते. खूण नसलेल्या ओळी आणि त्यांत बँकांची किंवा अँटिव्हायरस कंपन्यांची नावं दिसली, तर त्या ओळी काढून सेव्ह करा. त्यासाठी नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा लागतो.

यानंतरही काही साइट लागत नसतील तर नेटवर्कची मुळं रीसेट करायची. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ ही आज्ञा द्या. (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप इंग्रजी अक्षरांत करायच्या.) मग ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, तिरकी रेघ आणि जोडून ‘फ्लशडीएनएस’. मग रीस्टार्ट, त्याशिवाय पहिली आज्ञा लागू होत नाही. जुन्या अँटिव्हायरसने किंवा व्हायरसने वाहतुकीच्या मार्गात घातलेले कप्पे याने निघतात.

‘एसएफसी स्कॅननाऊ’ आणि ‘डिझम’ या आज्ञांबद्दल नेहमी विचारलं जातं. त्या विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासतात, आणि क्रोम किंवा फायरफॉक्स ही काही विंडोजची फाइल नाही. सेटिंग्जचं पान मिटून जात असेल, तर जरूर चालवा, आणि आधी डिझम, मग एसएफसी, कारण दुसरी आज्ञा दुरुस्तीचा माल पहिलीने नीट केलेल्या साठ्यातून उचलते. मधेच आकडा बराच वेळ हलत नाही, तेव्हा खिडकी बंद करू नका.

आता खुद्द ब्राउझर. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’च्या रकान्यात कर्सर अगदी शेवटी न्या. ओळ ‘क्रोम डॉट ईएक्सई’ आणि अवतरण चिन्हावर संपायला हवी. पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर क्रोम उघडताना प्रत्येक वेळी तीच भलती साइट येणार, मग सेटिंगमध्ये होमपेज कितीही बदला. चिन्ह काढून टाका आणि नवं बनवा. क्रोमच्या मेनूत तळाशी ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ अशी ओळ असेल आणि लॅपटॉप घरचा असेल, तर ‘क्रोम कोलन, दोन तिरक्या रेघा, पॉलिसी’ या पानावर जाऊन बघा काय लादलंय ते. काही अँटिव्हायरसही तिथे नोंद करतात, त्यामुळे ओळ दिसली म्हणून घाबरू नका. पण एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्याची नोंद असेल तर ते एक्स्टेन्शन तुम्ही कितीदाही काढा, परत येईल. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल इथली ‘क्रोम’ची शाखा आधी एक्सपोर्ट करून मग पुसायची. रजिस्ट्रीची सवय नसेल तर एवढं एक काम माहितगाराकडून करून घ्या. कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत’ अशा पट्ट्या उगवत असतील तर तो बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटला दिलेला नोटिफिकेशनचा परवाना असतो. साइट सेटिंग्जमध्ये जाऊन काढून टाका.

यूट्यूब अडखळण्याचं कारण डिव्हाइस मॅनेजरमध्ये सापडेल. ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये टाकणारी पॅकेजं नकोत, त्यांच्याबरोबर न मागितलेलं बरंच काही येतं. तोवर क्रोमच्या ‘सिस्टम’ सेटिंगमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. काळी किंवा पांढरी खिडकी दिसत असेल तर त्याने लगेच फरक पडतो.

मराठी अक्षरांचं कारण अगदी साधं आहे. विंडोज ८ पासून देवनागरीसाठी ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट आला आणि विंडोज १० मध्ये मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मुळात बसत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. तुमच्या आधीच्या विंडोजमध्ये ते होते, दुरुस्तीनंतर गेले. ज्या साइट मंगल मागतात त्यांना आता निर्मला मिळतो, म्हणून अक्षरांची जाडी आणि ओळींमधलं अंतर बदललं. सेटिंग्ज, ‘अ‍ॅप्स’, ‘ऑप्शनल फीचर्स’, ‘अ‍ॅड अ फीचर’ इथे जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्या. किंवा भाषांमध्ये मराठी जोडा, बरोबर हे फॉन्टही येतात, आणि विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत मराठीचा फोनेटिक कीबोर्डही मिळतो. अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची गिचमिड दिसत असेल तर ते वेगळं प्रकरण. ती साइट किंवा फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे आणि तो नेमका फॉन्ट टाकल्याशिवाय वाचता येणार नाही.

जीएसटी, टेंडर असल्या कामांसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारा छोटा प्रोग्रॅम पुन्हा टाकावा लागेल. ते ब्राउझरचा भाग नव्हते, दुरुस्तीत गेले. एखादी जुनी साइट इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजमधला आयई मोड वापरा. त्यात घातलेला पत्ता ३० दिवसांनी यादीतून निघून जातो, मग साइट ‘पुन्हा बिघडली’ असं वाटतं. परत घालायचा, एवढंच.

दुकानदाराने विंडोज ७ टाकून दिल्याच्या अशाच तक्रारी इतरांकडूनही येतात. तिथे यातलं निम्मं लागू होत नाही. क्रोम आणि एज दोन्ही विंडोज ७ वर १०९ व्या आवृत्तीवर थांबले आहेत, २०२३ च्या सुरुवातीपासून पुढची आवृत्तीच तिथे बसत नाही. ती मशीन बँकेच्या कामाला वापरू नका. तुमच्या विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ पेलत असेल तर ती टाका. पेलत नसेल तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्याची नोंदणी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर करा.

फॉरमॅट कधी मारावा? प्रॉक्सी बंद केल्यावर तो परत परत चालू होत असेल आणि ऑफलाइन स्कॅनमध्येही काही सापडत नसेल, किंवा विश्वासू यादीत परकं मूळ प्रमाणपत्र मिळालं आणि ते कुठून आलं याचा पत्ता लागत नसेल, तर मारा. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हने मारा, दुकानातल्या तयार पेनड्राइव्हने नको. बाकी तक्रारींसाठी गरज नाही.

फॉरमॅट करा वा न करा, ज्या काळात व्हायरस होता त्या काळात या लॅपटॉपवर टाइप केलेले पासवर्ड बाहेर गेले असं समजून चला. ते मोबाइलवरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ उघडून बघा, एखादा अनोळखी पत्ता घातलेला असेल तर काढा, आणि सुरक्षा पानावरून बाकीच्या सगळ्या उपकरणांचं साइन इन रद्द करा.

हे करून कुठे अडलात तर चार गोष्टी लिहून पाठवा: इशाऱ्याच्या पानावरचा इंग्रजी कोड, हॉटस्पॉटवर काय झालं, फायरफॉक्समध्ये काय झालं, आणि प्रमाणपत्रातल्या ‘इश्यूड बाय’पुढचं नाव. फोटो पाठवलात तरी चालेल, फक्त त्यात खाते क्रमांक किंवा ओटीपी दिसणार नाही एवढं बघा.